युरोपची हॉकी आणि आपली जागरणं: युरोहॉकी चॅम्पियनशिपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विषम वर्षातला ऑगस्ट जवळ आला की आमच्या खडकीच्या मित्रांच्या ग्रुपवर तेच प्रश्न नव्याने सुरू होतात. इंग्लंड आहे तर ब्रिटन कुठे गेलं, हा बेल्जियम मध्येच कुठून आला, सामना रात्री बाराला का, वगैरे. दर वेळी तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. महिलांची स्पर्धाही तितकीच पाहण्यासारखी असते, पण इथे पुरुषांच्या स्पर्धेपुरतंच बोलू.

ही स्पर्धा नेमकी कसली?

युरोपातल्या राष्ट्रीय संघांची अजिंक्यपद स्पर्धा. युरोपियन हॉकी फेडरेशन ती भरवते. पहिली झाली १९७० साली ब्रुसेल्समध्ये. पहिला विश्वचषक १९७१ चा, बार्सिलोनातला, आणि पहिला आशिया चषक १९८२ चा, कराचीतला. म्हणजे ही दोघांचीही थोरली बहीण. आपल्याकडे मात्र तिची ओळख अजून 'ती युरोपवाल्यांची काहीतरी स्पर्धा' इथवरच आहे.

सुरुवातीला ती चार-पाच वर्षांतून एकदा व्हायची. २००३ नंतर दर दोन वर्षांनी, विषम वर्षी होते. २००७ पासून पुरुष आणि महिला अशा दोन्ही स्पर्धा एकाच गावात, एकाच वेळी भरतात. त्यामुळे सकाळी डच मुली आणि संध्याकाळी डच पोरं, असं दिवसभराचं पॅकेज मिळतं.

संघ किती असतात? आणि बाद कसे होतात?

वरच्या श्रेणीत आठ. चार-चारचे दोन गट, प्रत्येक गटातले पहिले दोघे उपांत्य फेरीत. उरलेले चौघे तळातल्या क्रमांकांसाठी आपापसात खेळतात आणि गटात एकमेकांविरुद्ध झालेल्या सामन्याचे गुण सोबत घेऊन जातात. वरच्या आठांखाली दुसरी, तिसरी अशा श्रेणी आहेत. तळाशी राहिलात की पुढच्या वेळची थेट जागा जाते.

गटात फक्त तीन सामने, एवढीच गोम लक्षात ठेवा. एक सामना हातचा गेला की कॅल्क्युलेटर काढावा लागतो. विश्वचषकात दुबळ्या संघांवर गोल करून गाडी रुळावर आणता येते. इथे आठांपैकी पाच-सहा संघ कुणालाही पाडू शकतात, त्यामुळे ती सोय नाही.

आजवर कोण कोण जिंकलंय?

२०२५ पर्यंतच्या वीस स्पर्धांचा हिशेब असा: पश्चिम जर्मनी धरून जर्मनी नऊ वेळा, नेदरलँड्स सात वेळा, स्पेन दोनदा (१९७४ माद्रिद आणि २००५ लाइपझिग), इंग्लंड एकदा (२००९) आणि बेल्जियम एकदा (२०१९). वीसपैकी सोळा चषक दोन शेजाऱ्यांच्या घरात.

हे वाचून 'मग बघायचं काय, ठरलेलंच तर आहे' असं म्हणणारे भेटतात. त्यांना एकच सांगतो, नुसते विजेते बघू नका, अंतिम सामन्यांचे गोलफलक बघा. १९८३, १९८७, १९९५, १९९९, २००३, २०२१, २०२५ हे सातही अंतिम सामने बरोबरीत सुटले आणि निकाल पेनल्टी स्ट्रोक किंवा शूटआउटवर लागला. वीसपैकी सात. सोळा चषकांची मक्तेदारी आहे खरी, पण ती अशा धाग्यावर लटकलेली आहे.

जर्मनीचं एवढं कसं जमतं?

१९७० ला ब्रुसेल्समध्ये पश्चिम जर्मनीने अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ३-१ ने हरवलं, तेव्हा आपल्याकडे कुणी फारशी दखल घेतली नसावी. १९२८ पासूनची ऑलिम्पिक सुवर्णपदकं भारत आणि पाकिस्तान या दोघांतच वाटली जात होती. दोन वर्षांनी म्युनिकमध्ये त्याच पश्चिम जर्मनीने पाकिस्तानला १-० ने हरवून सुवर्ण नेलं. पाहुणा दारापर्यंत आला होता, आपण झोपेत होतो.

पुढे १९९१, १९९५, १९९९, २००३ असे सलग चार चषक. पॅरिसमधला पहिला त्यांनी ३-१ असा सरळ जिंकला. पुढचे तीन, म्हणजे डब्लिन, पादुआ आणि बार्सिलोना इथले, पेनल्टी स्ट्रोकवर. त्यातली पहिली दोन वेळा समोर नेदरलँड्स, तिसऱ्यांदा स्पेन. ओळीने तीन अंतिम सामने स्ट्रोकवर जिंकणं हे नशिबाचं काम नाही. शेवटच्या मिनिटाला पाय न थरथरणं हाही सरावाचाच भाग असतो, आणि जर्मनांनी तो केलेला असतो.

पण मला त्यांची आवडती गोष्ट पराभवाची आहे. २००६ साली जर्मनी घरच्या मैदानावर, म्योन्शनग्लाडबाखला, विश्वविजेता झाला. पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या युरो स्पर्धेत पहिल्या तिघांना बीजिंग ऑलिम्पिकची जागा होती. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात विश्वविजेता जर्मनी बेल्जियमकडून ४-३ ने हरला! मग साहेबांना जपानमध्ये जाऊन पात्रता स्पर्धा खेळावी लागली. ती जिंकली, बीजिंगला गेले आणि सुवर्ण घेऊन आले, अंतिम सामन्यात स्पेनला १-० ने हरवून. त्याच २००८ साली आपण चिलीतल्या सांतियागोच्या पात्रता स्पर्धेत ब्रिटनकडून हरलो आणि १९२८ नंतर प्रथमच भारताविना ऑलिम्पिक हॉकी झाली. मागच्या दाराने दोघेही निघाले होते, आपल्याला ते दार उघडता आलं नाही.

पेनल्टी स्ट्रोक आणि शूटआउट यांत फरक काय? दोन्ही एकच ना?

नाही. स्ट्रोक म्हणजे चेंडू गोलपासून ६.४० मीटरवर ठेवायचा, मारणारा एक, समोर गोलरक्षक एक, शिट्टी वाजली की एकदाच ढकलायचा किंवा फ्लिक करायचा, म्हणजे स्टिक न आपटता उचलून फेकायचा. १९९५ किंवा १९९९ च्या स्ट्रोकबद्दल बोलतो तेव्हा हे डोळ्यांसमोर आणा.

शूटआउट निराळी. खेळाडू २३ मीटरच्या रेषेवर चेंडू घेऊन उभा. शिट्टी वाजली की आठ सेकंद. गोलरक्षक रेषा सोडून पुढे धावत येतो. आता खेळाडूने त्याला चुकवायचं, वळायचं, उलट्या स्टिकने मारायचं, काय करायचं ते आठ सेकंदांत करायचं. प्रत्येकी पाच जण. बरोबरी राहिली तर पुढे एकेक. ऐकायला आठ सेकंद कमी वाटतात, पण घड्याळ लावून बघा. खेळाडू उजवीकडे गेला, गोलरक्षक आडवा पडला, खेळाडू मागे सरकला, गोलरक्षक उठला, पुन्हा डावीकडे, आणि आपण सोफ्याच्या कडेवर. इतकं सगळं झालं तरी अजून दोन सेकंद शिल्लक असतात.

२०२५ चा अंतिम सामना म्योन्शनग्लाडबाखमध्ये, जर्मनी विरुद्ध नेदरलँड्स. साठ मिनिटांनंतर १-१. शूटआउट जर्मनीने ४-१ ने जिंकली. एक वर्ष आधी पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात हेच दोघे, साठ मिनिटांनंतर हेच १-१, आणि शूटआउट नेदरलँड्सने ३-१ ने जिंकली होती. उधारी व्याजासकट फेडली म्हणायची.

इंग्लंड खेळतं, मग ऑलिम्पिकमध्ये ते दिसत का नाही?

हा ग्रुपवरचा सर्वात लाडका प्रश्न. युरो आणि विश्वचषकात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगवेगळे खेळतात. ऑलिम्पिकमध्ये ते ग्रेट ब्रिटन या एका नावाखाली एकत्र येतात. म्हणजे ऑगस्टमध्ये ज्याला नडगीवर स्टिक मारली, त्याच्याबरोबर पुढच्या उन्हाळ्यात एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसायचं.

आयर्लंडची कथा आणखी गुंतागुंतीची. आयर्लंडचा हॉकी संघ अख्ख्या बेटाचा, उत्तर आणि दक्षिण मिळून. उत्तरेकडच्या खेळाडूला मात्र ब्रिटनकडूनही खेळता येतं. डेव्हिड एम्स आधी आयर्लंडकडून खेळला, नंतर इंग्लंड आणि ब्रिटनकडून. पॅरिसमध्ये अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर आपली दहा माणसं ज्या ब्रिटनशी झुंजली आणि श्रीजेशने जो शूटआउट जिंकून दिला, त्या ब्रिटिश संघात तो होता.

इंग्लंडने खरंच कधी युरो जिंकलंय?

हो, २००९ ला, आणि तेही नेदरलँड्सच्या अंगणात, ॲम्स्टेलवेनला. अंतिम सामन्यात जर्मनीला ५-३ ने हरवलं. बॅरी मिडलटन कर्णधार, तरुण ॲशली जॅक्सन ऐन भरात. जर्मनी तेव्हा ऑलिम्पिकविजेता होता. २०२३ ला इंग्लंड पुन्हा अंतिम फेरीत गेलं, पण नेदरलँड्सने २-१ ने रोखलं.

हा बेल्जियम अचानक कुठून उगवला?

अचानक मुळीच नाही. वर सांगितलेला २००७ चा कांस्यपदकाचा सामना हा त्यांचा पहिला मोठा धक्का. २०१३ ला बूम या त्यांच्याच गावी स्पर्धा होती. नाव ऐकून हसू येतं, पण गाव खरंच आहे, अँटवर्पजवळ. तिथे ते पहिल्यांदा अंतिम फेरीत गेले आणि जर्मनीकडून ३-१ ने हरले. २०१६ ला रिओत रौप्य. २०१७ च्या युरोत पुन्हा अंतिम सामना हरले. आणि मग २०१८ ला भुवनेश्वरमध्ये विश्वचषक, २०१९ ला अँटवर्पमध्ये युरो, २०२१ ला टोकियोत ऑलिम्पिक सुवर्ण. तीन वर्षांत हॉकीतलं सगळं.

२०१९ चा अंतिम सामना त्यांनी स्पेनविरुद्ध ५-० ने जिंकला. अंतिम सामन्यात इतकी एकतर्फी धुलाई क्वचित होते. या स्पर्धेत तिची बरोबरी एकच सामना करतो, २०१५ चा लंडनमधला, नेदरलँड्सने जर्मनीला ६-१ ने हरवलं तो. बेल्जियमच्या गोलात व्हिन्सेंट व्हानाश, पेनल्टी कॉर्नरला अलेक्झांडर हेंड्रिक्स, मधल्या फळीत आर्थर व्हॅन डोरेन, आणि बाकावर न्यूझीलंडचा प्रशिक्षक शेन मॅकलॉड. एका पिढीतली एवढी माणसं एकदम हाताशी येणं हे क्लबांत लहानपणापासून घातलेल्या खताचं फळ. ती पिढी आता पांगतेय, आणि त्यांची खरी परीक्षा आत्ता सुरू होतेय असं माझं मत आहे.

आणि डच? ते कायमच भारी?

कायमच. नेदरलँड्सच्या हॉकी संघटनेचे सदस्यच सुमारे अडीच लाख आहेत. देशाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहूनही कमी. शनिवारी सकाळी सायकलच्या मागे स्टिक अडकवून निघालेली पोरं, हे तिथलं रोजचं दृश्य. ब्लूमेंडाल, काम्पाँग, रॉटरडॅम, ॲम्स्टरडॅम असे क्लब, प्रत्येकाचे पाच-सहा वर्षांच्या मुलांपासून पन्नाशीच्या काकांपर्यंतचे संघ. राष्ट्रीय संघ ही त्या डोंगराची फक्त टोकाची शिळा.

त्यांचा मला सगळ्यात आवडलेला चषक २०१७ चा. ॲम्स्टेलवेनला घरच्या प्रेक्षकांसमोर गटातल्या सामन्यात बेल्जियमने त्यांना ५-० ने हाणलं. घरच्या मैदानावर पाच! पुढे अंतिम सामन्यात तोच बेल्जियम समोर, आणि तोच २-० ने आघाडीवर. तिथून डचांनी चार गोल केले आणि ४-२ ने जिंकले. मग २०२१ आणि २०२३ चेही चषक त्यांचेच. पॅरिसला त्यांना सुवर्ण जिंकून देणारा प्रशिक्षक येरून डेल्मे हा स्वतः १९९६ आणि २००० चा सुवर्णपदक विजेता खेळाडू.

छोटे संघ नुसती हजेरी लावायला येतात का?

असं म्हणणाऱ्याने आयर्लंडची २०१५ ची मोहीम आठवावी. लंडनमध्ये, इंग्लंडच्याच मैदानावर, कांस्यपदकाच्या सामन्यात त्यांनी इंग्लंडला ४-२ ने हरवलं. युरोतलं त्यांचं पहिलं पदक. चारच वर्षांनी, २०१९ ला, ते वरच्या श्रेणीतून खाली घसरले. २०२३ च्या युरोत वरच्या आठांत आयर्लंड नव्हतं, पण २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये होतं, आपल्याच गटात, आणि आपण त्यांना २-० ने हरवलं. ऑलिम्पिक खेळणाऱ्या संघाला स्वतःच्या खंडातल्या पहिल्या आठांत जागा नव्हती. युरोपची खोली यावरून मोजा.

२०२५ ला ऑस्ट्रिया आणि पोलंड वरच्या आठांत होते. अशा संघांतल्या अनेक खेळाडूंना नोकरी किंवा शिक्षण सांभाळून हॉकी खेळावी लागते. सुट्टी टाकून ते जर्मनी-हॉलंडशी खेळायला येतात. त्यांचा गोलरक्षक सामन्यात दहा-बारा वेळा जमिनीवर आडवा होतो आणि ०-३ ने हरूनही पोरं एकमेकांच्या पाठी थोपटतात. माझा सल्ला असा की अंतिम सामना सगळेच बघतात, तुम्ही तळातल्या क्रमांकांचा एखादा सामना बघा. तिथे थेट जागा टिकवायची असते, आणि शेवटच्या पाच मिनिटांत गोलरक्षक बाहेर काढून अकरावा मैदानी खेळाडू उतरवला जातो तेव्हा छाती धडधडते.

सोव्हिएत युनियनसुद्धा खेळायचं म्हणे?

खेळायचं, आणि १९८३ ला ॲम्स्टेलवेनच्या अंतिम फेरीत गेलं होतं. डचांनी स्ट्रोकवर हरवलं. गंमत अशी की सोव्हिएत हॉकीचा एक मोठा बालेकिल्ला मॉस्कोत नव्हता, तो होता अल्मा-आताचा डायनॅमो क्लब, म्हणजे आजच्या कझाकस्तानात. युरोपच्या अंतिम सामन्याच्या मागे मध्य आशियातलं गाव. १९८७ ची स्पर्धा मॉस्कोतच झाली. तिथे डचांनी इंग्लंडला पुन्हा स्ट्रोकवरच हरवलं.

आपला या सगळ्याशी काय संबंध?

बराच. आधी माणसांचा. भारताचा आजचा प्रशिक्षक क्रेग फुल्टन दक्षिण आफ्रिकेचा, पण वर सांगितलेल्या २०१५ च्या आयर्लंड संघाचा प्रशिक्षक तोच होता. नंतर तो बेल्जियममध्ये मॅकलॉडच्या हाताखाली होता, टोकियोच्या सुवर्णाच्या वेळीही. मग २०२३ मध्ये आपल्याकडे आला आणि पॅरिसचं कांस्य मिळालं. आधी बचाव घट्ट करा, मग पुढचं बघा, हा भारताचा आत्ताचा खेळ पाहताना मला कधी कधी त्या आयर्लंडची आठवण येते. त्याआधी जर्मनीचे गेरहार्ड राख, स्पेनचे होसे ब्रासा, नेदरलँड्सचे रोलंट ओल्टमन्स आणि स्योर्ड मरिन हेही आपले प्रशिक्षक होऊन गेले. युरोची पाठशाळा आपण घरी शिकवणी लावून करतोय.

मैदानांचाही संबंध आहे. ॲम्स्टेलवेनचं वाखेनार स्टेडियम युरोचं आवडतं ठिकाण. १९७३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारत इथेच नेदरलँड्सविरुद्ध २-० ने पुढे होता. सामना २-२ झाला आणि पेनल्टी स्ट्रोकवर आपण ४-२ ने हरलो. दोन वर्षांनी क्वालालंपूरला विश्वचषक जिंकला म्हणून ती जखम झाकली गेली, पण जुन्या लोकांसमोर अजूनही ॲम्स्टेलवेन म्हटलं की चेहरे उतरतात. उलट बाजूने, मुंबईत १९८२ चा विश्वचषक झाला तेव्हा अंतिम सामना खेळणारा युरोपियन संघ पश्चिम जर्मनीच होता. पाकिस्तानने त्यांना ३-१ ने हरवलं.

आणि आमच्या खडकीचा संबंध म्हणजे धनराज पिल्ले. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत तुटक्या स्टिका बांधून खेळायला शिकलेला हा माणूस पुढे फ्रान्सच्या ल्याँ आणि जर्मनीच्या श्टुटगार्टमधल्या क्लबांकडूनही खेळला. उलट वाटेने जर्मनीचा फ्लोरियन फुक्स हॉकी इंडिया लीगमध्ये दबंग मुंबईकडून खेळायला आला. २०१७ ला तो संघ अंतिम फेरीत कलिंग लान्सर्सकडून हरला. मुंबईच्या नावाचा संघ आत्ता लीगमध्ये नाही, ही वेगळीच खंत.

स्पेनच्या तेरास्सा गावाबद्दल वाचतो तेव्हा मला खडकीच आठवते. बार्सिलोनाजवळचं गिरण्यांचं गाव, १९९२ ऑलिम्पिकची हॉकी तिथेच झाली. एगारा, आतलेतिक असे क्लब, आणि पिढ्यान् पिढ्या एकाच घरातले ऑलिम्पिक खेळाडू. फरक एवढाच की तेरास्सात गिरण्या बंद पडल्यावरही मैदानं राहिली.

युरो जिंकून आणखी काय मिळतं? नुसता चषक?

ऑलिम्पिकच्या आधीच्या वर्षी झालेली युरो जिंकली की ऑलिम्पिकची थेट जागा. २०१९ ला बेल्जियम आणि २०२३ ला नेदरलँड्स अशा वाटेने पुढे गेले. इतरांना मग पात्रता स्पर्धांच्या चिखलातून जावं लागतं. विश्वचषकाआधीच्या युरोत विश्वचषकाच्या जागा पणाला असतात. २०२६ चा विश्वचषक नेदरलँड्स आणि बेल्जियम मिळून भरवत आहेत, ॲम्स्टेलवेन आणि वाव्र इथे. म्हणजे आपल्या पोरांना पुन्हा त्याच वाखेनारच्या हिरव्या-निळ्या टर्फवर जायचंय.

पेनल्टी कॉर्नर मला कळतच नाही. सोप्या भाषेत सांगाल?

युरोत निम्मी लढाई पेनल्टी कॉर्नरवर असते, म्हणून हे जरा सविस्तर.

बचाव करणारे पाच जण, त्यात गोलरक्षक, गोलरेषेमागे उभे. त्यांचे बाकीचे सगळे मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे. हल्ला करणाऱ्यांपैकी एक जण गोलखांबापासून दहा मीटरवर गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलतो. डीच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या अर्धगोलाच्या, कडेला दुसरा वाकून तो थांबवतो. थांबवणं परिपूर्ण हवं, चेंडू दोन बोटं उडाला तरी काम बिघडतं. तिसरा धावत येतो, पाय मागे-पुढे टाकत खाली वाकतो, चेंडू स्टिकच्या आकड्यात पकडून जमिनीवरून ओढतो आणि सोडतो. हाच ड्रॅग फ्लिक. चेंडूचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो.

आता नियमाची खुबी. पहिला फटका सरळ स्टिक फिरवून मारला तर चेंडू गोलातल्या मागच्या फळीच्या उंचीपेक्षा, म्हणजे ४६ सेंटिमीटरपेक्षा, वर जाता कामा नये. फ्लिकला ही मर्यादा नाही, त्यामुळे ड्रॅग फ्लिक थेट वरच्या कोपऱ्यात जातो. डचांचे टाको व्हान डेन होनर्ट आणि ब्राम लोमान्स यांनी ही कला रुजवली. त्याआधी फ्लोरिस यान बोव्हेलँडर सरळ फटक्यानेच गोलरक्षकांच्या झोपा उडवायचा.

पण बघायचं असतं बचावाकडे. चेंडू सुटताक्षणी पाचांतला एक मुखवटा घालून, गुडघ्यांना पॅड बांधून सरळ फ्लिकरच्या अंगावर धावतो. त्याच्या शरीराच्या रेषेतून चेंडू गेला तर गोल वाचतो, त्याच्या मांडीवर बसला तर आठवडाभर निळं राहतं. आपल्याकडे अमित रोहिदास हे काम करतो. पुढच्या वेळी फ्लिकरला सोडा, त्याच्याकडे बघा.

खेळाचे चार भाग का असतात? पूर्वी दोन अर्ध होते ना?

होते, ३५ मिनिटांचे दोन. आता १५ मिनिटांचे चार. जुने लोक कुरकुरतात, मला आवडतं. थांबून श्वास घेता येतो, चहा होतो.

तिथल्या मैदानावर पाणी का मारतात?

टर्फ कोरडं असलं की चेंडू अडतो आणि घसरताना कातडी सोलते. ओलं असलं की चेंडू सुसाट आणि सरळ जातो. सामन्याआधी आणि मध्यंतरात स्प्रिंकलर सुरू होतात. कॅमेरा खाली असेल तर चेंडूमागे पाण्याची शेपटी दिसते. त्यावरून चेंडू किती वेगात गेला ते टीव्हीवरसुद्धा कळतं.

सामने कधी आणि कुठे बघायचे?

युरोपियन फेडरेशनची स्वतःची ऑनलाइन वाहिनी आहे, तिच्यावर शोधा. भारतीय टीव्हीवर दाखवतील या भरवशावर राहू नका. उन्हाळ्यात मध्य युरोपात आणि आपल्यात साडेतीन तासांचा फरक असतो, इंग्लंडशी साडेचार. तिथे रात्री साडेआठला सुरू झालेला सामना आपल्याकडे बाराला, आणि शूटआउट झाली तर दोन वाजतात. दुपारच्या सामन्यांची सोय चांगली, ते आपल्या संध्याकाळी चहाच्या वेळेला लागतात. बरेचदा तेच तळाचे सामने असतात, म्हणजे मगाशी दिलेला सल्ला पाळणं सोपं आहे.

घरचे विचारतात, भारत खेळत नाही तर रात्री दोनपर्यंत जागायचं कशाला?

आमच्या घरी हा प्रश्न दर दोन वर्षांनी येतो. मी सांगतो की पुढच्या वर्षी यांच्याशीच आपली गाठ आहे, आत्ता अभ्यास करतोय. कुणाला पटत नाही. २०२५ च्या शूटआउटला आवाज बंद ठेवून बसलो होतो. तिसऱ्या प्रयत्नाला न राहवून ओरडलोच. आई आतून म्हणाली, "कोण जिंकलं रे?" मी म्हटलं, जर्मनी. ती म्हणाली, "मग झोप आता." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर विचारलं, "हॉलंडचं काय झालं शेवटी?"